सेलांचा दवाखाना आणि देवाजींचं तिकीट

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या उत्तर नागपूर छायाचित्रकार मित्र मंडळाच्या आदरणीय प्रेमलताताई. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या लॉनवर लग्नं टिपता टिपता आपल्यापैकी प्रत्येकाची किमान एक चप्पल हरवलेली आहे ते श्री. अनंतरावजी; सत्कारमूर्ती देवाजी; सत्कारमूर्तींना चाळीस वर्षं वेळेवर जेवायला घालून जिवंत ठेवणाऱ्या, म्हणजे खऱ्या सत्कारमूर्ती, जयाकाकू; मंडळाचे सर्व सभासद, त्यांच्या घरची मंडळी, आणि मागे आलूबोंड्यांच्या टेबलापाशी आतापासूनच जागा धरून उभे असलेले माझे दूरदृष्टीचे मित्र! सर्वांना जय भीम, सर्वांना नमस्कार.

मी विक्की. जे मला ओळखतात त्यांनी कृपया शेजारच्यांना काही सांगू नये.

हे भाषण मी लिहून आणलं आहे. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहिलं. सध्या उदयपूरला लग्नं टिपतो, तिथून येताना गाडीत लिहिलं. गाडी पळत होती म्हणूनच जमलं. एका जागी उभ्या असलेल्या टेबलापाशी मला बसवत नाही, हे इथल्या सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. अक्षर हललेलं दिसलं तर तो दोष रुळांचा.

आधी मंचामागे पाहा. काय दिसतंय? बर्फाचे डोंगर, धबधबा, एक हरीण आणि त्या हरणाच्या पोटावर 'देवाजींना हार्दिक निरोप'. हे फ्लेक्स नाही. देवाजींच्या स्टुडिओतला हा जुना कापडी पडदा आहे. जरीपटका वस्तीतल्या निम्म्या जोडप्यांचा मधुचंद्र याच पडद्यासमोर उरकला आहे. ताईंनी अक्षरं कापडाची कापून टाचली आहेत, उद्या उसवता येतील. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे आणि आपले सत्कारमूर्ती शाल पांघरून काश्मीरमध्ये बसले आहेत. यापेक्षा वेगळा सत्कार त्यांना शोभला असता का?

बरं, निरोप देतो आहोत, पण माणूस जाणार आहे का? हा खरा प्रश्न आहे, आणि मंचावरचं कोणीही तो विचारायला तयार नाही.

देवाजींची लेक मेघा मैसूरला असते. तिला जुळ्या मुली झाल्या, त्याला दोन महिने झाले. ज्या माणसानं या शहरात इतक्या बारशांचे फोटो काढले की काही पोरांच्या स्वतःच्या पोरांच्या बारशालाही तोच गेला, त्या माणसानं आपल्या नातींचा एकही फोटो काढलेला नाही. फोनवर पाहतो आणि म्हणतो, "उजेड चुकून राहिला वं, मेघा." दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. तिसरं तिकीट उद्या सकाळचं आहे. तेही रद्द होणार, अशी मंडळात जोरात चर्चा आहे.

का? तर एका खोलीपायी.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. देवाजींच्या घरामागे टिनाची एक खोली आहे, तिला आम्ही दवाखाना म्हणतो. आमच्या धंद्यात फ्लॅशला चार सेल लागतात. पूर्वी एका लग्नात वीस-वीस सेल वापरायचे आणि लॉनच्या मागच्या नाल्यात भिरकावायचे, अशी रीत होती. मी स्वतः लांबून नेम धरून भिरकावले आहेत. देवाजींनी पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल आणले, चार-चारच्या डब्या केल्या, नंबर टाकले, आणि सांगितलं, लग्नाला जाताना घेऊन जा, आल्यावर आणून द्या. मग पडदे आले. मग उजेड परतवायच्या छत्र्या, दिवे, मोडके स्टँड. कोणाचं काही मोडलं की दवाखान्यात भरती! एकट्यानं विकत घ्यायचं आणि वर्षभरात फेकायचं, त्यापेक्षा अडतीस जणांनी मिळून वापरायचं आणि मरेपर्यंत दुरुस्त करायचं.

इतकी वर्षं त्यांच्याजवळ उठबस केली, पण 'पर्यावरण' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. ते एवढंच विचारायचे, "फेकतं म्हणतं, पण कुठं फेकतं? ते जाते कुठं, ते दाखव मले." आता हे कोण दाखवणार? आम्ही गुपचूप सेल परत आणून द्यायचो.

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा देवाजी एकेका सेलाला मीटर लावून कागदावर आकडा लिहीत होते.

"काय करून राहिले, काका?"

"सोयरीक जुळवून राहिलो."

"कोणाची?"

"याची अन् याची. तीन दमदार अन् एक मरतुकडा असा संसार नाही चालत. मरतुकडा बाकीच्या तिघाईले घेऊन बुडते. चारही सारख्या जोराचे पाहिजे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, विक्की. पण सेलाची पाहाच लागते. माणूस निभवून नेते, सेल नाही नेत."

हे ज्ञान मी या कानानं ऐकलं आणि पुढच्याच आठवड्यात कन्हानला जाऊन त्या कानानं सोडलं.

कन्हानच्या रुखमाबाईंच्या नातीचं लग्न. वधू-वर मंचावर, त्रिशरण-पंचशील झालं, आता हार घालायचे. मी सेल बदलत होतो आणि चारपैकी एक हातातून निसटला, घरंगळत मंचाखाली गेला. मंचाखाली कोण वाकणार? नवी पॅन्ट होती. वर पाहिलं, तर हॉलच्या भिंतीवर घड्याळ. घड्याळातही तसाच सेल असतो. खुर्ची घेतली, चढलो, काढला, घातला. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की काही विचारू नका!

हार घातले. फ्लॅश उडालाच नाही. घड्याळाचा बिचारा जीव तो, वर्षभर काटा ढकलून दमलेला. मी हात जोडून म्हटलं, "वहिनी, दादा, हार काढा आणि पुन्हा एकदा घाला." त्यांनी घातले. पुन्हा अंधार. तिसऱ्या वेळी रुखमाबाई उठल्या.

"काहून रे पोट्ट्या, माह्या नातीचं लगन किती खेपा लावतं?"

इथवर ठीक होतं. पण आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं, भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले की पुऱ्या सोडायच्या. आणि घड्याळ सव्वाअकरालाच उभं! चारशे माणूस पाटावर, कढई थंड, आचारी तंबाखू मळत बसलेला. "बारा कुठं वाजले?" एक वाजता रुखमाबाईंनी मला पकडलं. "लगन तीन खेपा लावलं, अन् जेवण एकबी खेप नाही!"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात मान खाली घालून उभा. वाटलं, आता बसतात कानाखाली. देवाजींनी एक सेल माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "बसनं जा कन्हानले. आधी त्याईचं घड्याळ चालू करून ये. मग मंचाखाली वाक अन् आपला सेल घेऊन ये. त्याचे तीन भाऊ इथं वाट पाहून राहिले."

गेलो. वाकलो. सापडला. रुखमाबाईंनी चहा पाजला, शिव्यांसकट.

पुष्कर, हसू नको, तुझा नंबर आता आहे. तिसऱ्या रांगेतला तो निळा शर्ट म्हणजे पुष्कर. निळा रंग याला फार प्रिय. का ते सांगतो. लग्नाआधीचं शूटिंग, शहराबाहेरच्या एका तळ्याकाठी. यानं रंगीत धुराच्या नळकांड्या आणल्या होत्या, निळ्या आणि गुलाबी. वारा कुठून आहे हे पाहणं याच्या स्वभावात नाही. एक नळकांडं पेटवून पाहिलं, आणि निळा धूर सगळा नवरदेवाच्या अंगावर. दुसऱ्या दिवशी त्याला हळद लागायची होती. निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. सगळे फोटो पाहा, नवरदेव हिरवागार! सासू विचारते, "जावयाले कावीळ हाय का?"

देवाजी त्या दिवशी छत्री धरायला सोबत गेले होते. उरलेली नळकांडी पुष्कर मांडत होता तिथून हातभरावर गोट्यांमध्ये टिटवीची अंडी होती, आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. पुष्कर म्हणाला, "ह्या पाखराचा आवाज नंतर काढून टाकू." देवाजी शांतपणे म्हणाले, "हे पोट्टा-पोट्टी अजून पन्नास वर्षं फोटो काढतील गा. तिले ही अंडी याच पंधरवड्यात उबवाची हाय. चाल, शंभर पावलं तिकडं."

शंभर पावलं तिकडं गेले. नळकांडी पिशवीत राहिली. तेवढ्यात म्हशींचा कळप तळ्यावरून परतला, मागे सूर्य, आणि पायांनी उडालेली सोनेरी धूळ. त्या धुळीत उभ्या जोडप्याचा जो फोटो आला तो आज पुष्करच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हा इफेक्ट कोणता?" आणि हा सांगतो, "लय महाग हाय." खोटं बोलतो, महाराज! म्हशींचा इफेक्ट आहे तो.

उदयपूरला मी मोठी लग्नं पाहतो. एवढी मोठी, की नवरीला नवरा शोधायला फोन लावावा लागतो. पहिल्याच लग्नाच्या दुसऱ्या सकाळी कर्मचारी पोती उचलत होते. एका पोत्यात नुसते सेल, एकदाच वापरलेले. दुसऱ्यात चकचकीत प्लास्टिकचे कागदासारखे तुकडे, जे नवरा-नवरीवर अर्ध्या मिनिटासाठी उधळले होते. निम्मे तळ्यात तरंगत होते. खरं सांगतो, मला वाटलं मागे देवाजी उभे आहेत आणि विचारताहेत, हे जाते कुठं ते दाखव मले. मी बुटाच्या एका रिकाम्या खोक्यात आमच्या गटाचे चार्जचे सेल लावले. सोयरीक जुळवली. मंडपातल्या फुलांच्या गळालेल्या पाकळ्या टोपलीत भरून ठेवायला लागलो, उधळायला त्याच द्यायच्या. पोरं हसली. आता त्या खोक्याला तिथं नाव पडलं आहे. ऐन वरातीत कोणीतरी ओरडतं, "अरे विक्की, नागपूर किधर है? नागपूर ला जल्दी!" आणि मी नागपूर काखेत मारून पळतो.

आता गेल्या रविवारची सभा. देवाजी जाणार, मग खोली कोणी सांभाळायची? प्रेमलताताईंच्या अंगणात सगळे जमले. मी उदयपूरहून फोनवर ऐकत होतो. काय एकेक कारणं! नूपुर तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट कायमची आजारी. शालिकराम कोराडीचा, तिथं वीजकेंद्राची राख उडते; तो म्हणाला, "आमच्याकडं सकाळी धुतलेला पडदा सांजच्याले राखाडी होते, तुमाले चालन का?" पुष्करच्या घरी मांजर व्यायलेली. सात जणांच्या बायकांचा एकाच क्षणी विरोध निघाला; त्या सात जणींना मी आत्ता दारात विचारलं, तर त्यांना असं काही विचारलंच गेलं नव्हतं! सगळे म्हणत होते, काम फार मोलाचं आहे. इतकं मोलाचं, की ते दुसऱ्या कोणीतरीच करावं.

 मग कोणीतरी फोनकडे वळून म्हणालं, "विक्की तर आता परतच येऊन राहिला असन ना?"

मी काय केलं? फोनचा आवाज बंद केला. लाज वाटते, पण केलं. मंडळी, मी परत येणार नाही. माझ्या पायांना एक खोली सांभाळता येत नाही, आणि खोटं वचन देऊन मी देवाजींना गाडीत बसवणार नाही. परवा मीही निघतो.

तेव्हा कोपऱ्यातून देवाजींचा आवाज आला. "राहू द्या. मी हेबी तिकीट रद्द करतो. मैसूर काही पळून नाही चाललं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा. फक्त एक माणूस उठून नळाकडे गेला आणि नळ सोडून उभा राहिला, हे मला नंतर ताईंनी सांगितलं. जयाकाकू.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "विक्की, वस्तीतली लग्नाची भांडी कोणाच्या घरी राहतात?"

मी विचार केला. आपल्या वस्तीत ते मोठे गंज-पातेली आहेत, पराती आहेत, हातभर लांब झारे आहेत. ज्याच्या घरचं लग्न आटोपलं तो घासूनपुसून पुढच्या लग्नघरी पोचवतो. मी म्हटलं, "कोणाच्याच नाही, काकू. फिरतात."

"कधी हरवली?"

"नाही."

"कोणी सांभाळते?"

"सगळेच."

"मंग सेलाले काहून खोली लागते?"

मंडळी, अडतीस फोटोग्राफर, तीन तासांची सभा, आणि कोणाच्या डोक्यात हे आलं नाही! खोली कोण घेणार, खोली कोण घेणार, हेच करत बसलो. खोलीच नको, हे एका बाईला सुचलं. ती इतकी वर्षं तो दवाखाना झाडत होती म्हणूनच सुचलं असावं.

देवाजी, तुम्ही डाव्या खिशातली किल्ली मुठीत धरून बसला आहात, मला इथून दिसतं आहे. सोडा ती. कुलूप जागेवर आहे. खोली रिकामी आहे.

बसा, बसा! ऐकून तर घ्या. आज दुपारी प्रेमलताताईंनी निमंत्रणाच्या फोटोसाठी म्हणून तुम्हाला तीन तास बसवून ठेवलं होतं ना? हनुवटी वर, हनुवटी खाली? तुम्हाला शंका कशी नाही आली? निमंत्रणं तर आठवड्यापूर्वीच वाटली होती! तेवढ्या वेळात काकूंच्या दुसऱ्या किल्लीनं काकू, मी आणि शालिकराम यांनी दवाखान्यातले सगळे पेशंट सोडले. पडदे, छत्र्या आणि स्टँड ज्यांच्या त्यांच्या घरी पोचले आहेत. घरी गेल्यावर दारात काही दिसलं तर दचकू नये. आणि सभासदांनो, आता वाका. आपापल्या खुर्चीखाली हात घाला.

सापडलं? प्रत्येकाला एक डबी. आत चार सेल, एक चार्जर, आणि एक चिठ्ठी. तुमचं लग्न झालं, म्हणजे तुम्ही टिपायला गेलात ते, की दोन दिवसांत डबी चार्ज करून चिठ्ठीवरच्या पुढच्या नावाला पोचवायची. त्यानं त्याच्या पुढच्याला. कोणाला नको असेल त्यानं आत्ता, देवाजींच्या डोळ्यांत पाहून परत करावी.

आहे कोणी?

पुष्कर, हात वर केलास? नाही? डबी दाखवतो आहेस. बरं.

अहो, देवाजी उठले. माइक द्या... माइक नको म्हणतात. थांबा, मीच मोठ्यानं सांगतो, ते काय म्हणताहेत. "पुष्कर, तुह्या हातात कोणता नंबर हाय? सात? सात तुले झेपत नाही. तो चार्ज व्हाले वेळ घेते, अन् तुले धीर नाही. नूपुरले दे." नूपुर, बदल गं. "अन् बावीस नंबर कोणाकडं हाय? त्याले उन्हात ठेवू नका." शालिकराम, ऐकलंस? बसच्या खिडकीत नाही ठेवायचा. अरे, आता सगळेच उठून बदलायला लागले! अध्यक्षांना विनंती, सभागृह शांत करावं. नको? ताईसुद्धा बदलताहेत. चालू द्या. ही अडतीस सोयरिकी एकदम जुळताहेत, इतकी धांदल होणारच.

झालं? बसा, देवाजी.

ते मला हळूच काहीतरी विचारताहेत. मी मोठ्यानं सांगतो, माफ करा, माझ्यात गुपित राहत नाही. ते विचारताहेत, "मले एखादी ठेवली का बे? नातींचे फोटो काढाचे हायेत."

अरे देवा. नाही ठेवली! सगळ्या वाटून टाकल्या! काकू, आपण यांनाच विसरलो!

पाहा, पाहा, सभागृहात अडतीस हात वर झाले. माझी घ्या, माझी घ्या म्हणून ओरडताहेत. देवाजी, कोणती... थांबा. काकूंना बोलायचं आहे. काकू आज पहिल्यांदाच बोलताहेत. शांतता.

"काही नको. दोन महिन्याची लेकरं हायेत. त्याईच्या डोळ्यात फ्लॅश मारता का? मेघाच्या घराले पूर्वेकडं मोठी खिडकी हाय. सकाळी लवकर उठा, पोरीईले खिडकीपाशी निजवा, अन् काढा फोटो."

ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना उजेड शिकवला, त्याला उजेड कुठून घ्यायचा ते कोणी शिकवलं, पाहिलंत ना? देवाजी हसताहेत की काय होतंय, मला चष्म्यामुळे नीट दिसत नाही. त्यांच्या चष्म्यामुळे. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

आता पुन्हा काहीतरी विचारलं. सांगू? सांगतोच. ज्या माणसानं दोनदा तिकीट रद्द केलं, तो काकूंना विचारतो आहे, "गाडी किती वाजताची हाय वं?"

सव्वानऊची, देवाजी! फलाट आम्ही शोधू, पिशव्या आम्ही उचलू, तुम्ही फक्त या.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, काकूंनी मला कटात सामील करून घेतलं, या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. पुष्कर, तुझी खोडी काढली ती मैत्रीखातर. कन्हानहून आलेल्या रुखमाबाई, तुमचं नाव न विचारता घेतलं, नातवासारखं समजून घ्या. आणखी कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुठं जीभ सैल सुटली असेल, वयानं मोठ्या माणसांची फार थट्टा झाली असेल, तर ते उदार मनानं विसरून जावं. आनंदात माणूस जरा घसरतो. सर्वांना धन्यवाद. जय भीम.